पावाच्या उरल्या आचेवर

आमच्या घरी दिवाळी नव्हती. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ती सुटली, आणि बाबा त्या बाबतीत फार कडक होते. आकाशकंदील नाही, लक्ष्मीपूजन नाही, काही नाही. पण सहामाही परीक्षा संपली की आई मैदा चाळायला बसायची. बाबांनी भुवई उंचावली तर म्हणायची, "दिवाळी आपली नही, पन दात ते आपलाच शेतस ना!" मग बाबा वर्तमानपत्रात डोकं घालायचे आणि पुढे आठ-पंधरा दिवस चहाबरोबर नानकटाई खाताना त्यांना तत्त्व आठवायचं नाही.

आम्ही धुळ्याला देवपुरात राहायचो. बाबा एसटीच्या वर्कशॉपात होते, आई एका शाळेत शिपाई. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी होती. बेकरी म्हणजे पुढे एक लाकडी फळ्यांचं दुकान, मागे विटांची घुमटासारखी भट्टी, आणि त्या दोघांच्या मधे पिठानं पांढरे झालेले चाचा. चाचांच्या आजोबांनी ती भट्टी बांधली होती. चाचा उर्दू शाळेत शिकले होते, पण बोलायचे अहिराणी, आणि भांडताना तर आमच्या आईपेक्षा चांगली अहिराणी बोलायचे.

ज्यांच्या गावात ही पद्धत नव्हती त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे नानकटाई विकत आणत नसत. मैदा, रवा, पिठीसाखर, वनस्पती तूप घरून मोजून न्यायचं, सोनगीरच्या पितळी परातीत घालून, वर फडकं बांधून. बेकरीच्या ओट्यावर बसायचं आणि तिथेच तळहातानं तूप पांढरं होईपर्यंत फेसायचं. गोळे करून चाचांनी दिलेल्या पत्र्यावर मांडायचे, की चाचांचे पुतणे लांब दांड्याच्या फळीनं पत्रा भट्टीत सरकवायचे. प्रत्येक घराची खूण वेगळी असायची, नाहीतर कोणाची नानकटाई कोणाच्या डब्यात जाईल याचा नेम नव्हता. कोणी लवंग टोचायचं, कोणी चारोळी, कोणी बाटलीच्या बुचाचा ठसा. आमची खूण म्हणजे करंगळीचा खड्डा, आणि करंगळी माझी. चाचा फक्त भाजणावळ घ्यायचे, तीही इतकी थोडी की आई दर वर्षी म्हणायची, "यास्नं कसं भागत व्हई?"

भागायचं कसं, ते मला फार उशिरा कळलं. भट्टी पेटायची ती पावासाठी. रोज. लाकडं जळून निखारे बाजूला ओढले की कडक आचेवर आधी लादी पाव, मग जरा आच उतरली की खारी आणि टोस्ट. हे सगळं झाल्यावर विटांमध्ये जी मऊ ऊब उरायची, तिच्यावर आमची नानकटाई. नानकटाईला कडक आच सोसत नाही, ती करपते. म्हणजे आमची दिवाळी, किंवा जी काय होती ती, पावाच्या उरल्या आचेवर होत होती आणि त्या आचेचे पैसे चाचा कोणाला लावत नव्हते.

तिथे एकदा पुढच्या आळीतल्या एक बाई आल्या होत्या. चांगल्या घरच्या, जरीकाठाचं लुगडं वगैरे. पत्रे भट्टीत जायच्या वेळी त्यांनी आमच्या परातीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि चाचांना म्हणाल्या, "आमचे पत्रे वेगळे लावा." का, ते त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती, ओट्यावरच्या सगळ्या बायकांना कळलं. चाचांनी घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, मनी भट्टीले वरना मजला नही शे. बठ्ठा एकच फरशीवर बसतस." मग त्यांनी स्वतःच्या हातानं आमचा पत्रा आणि त्यांचा पत्रा एकाला एक चिकटून आत ढकलला. आईनं ही गोष्ट पुढे किती जणींना सांगितली असेल, देव जाणे. ती त्या दिवसापासून चाचांच्या बाजूची झाली. चाचांशी भाजणावळीवरून भांडायची, पाव कच्चा राहिला म्हणून परत न्यायची, पण दुसऱ्या कोणी चाचांना नाव ठेवलं की पदर खोचून उभी राहायची.

मी बारावी झाले, टायपिंग झालं, आणि नोकरी शोधायला लागले. बाजारात एका साडीच्या दुकानात मुली घेत होते. शेठजींनी अक्षर पाहिलं, हिशेब पाहिला, खूश झाले, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर म्हणाले, "कळवतो." पेढ्यांच्या दुकानातही तेच. तिथे तर आडनावानंतर पेढेवाल्यांनी काउंटरवरचं ताट जरा आत ओढून घेतलं. मी पाहिलं, आणि त्यांनीही पाहिलं की मी पाहिलं. त्या दोघांचं कळवणं अजून यायचं आहे. मी स्वभावानं तापट. घरी येऊन मी परात आपटली तेव्हा आईनं परातीला पोचा आला का तेवढं फक्त पाहिलं.

मग आग्रा रोडवर मुंबईच्या एका कंपनीनं दुकान टाकलं. त्यांची म्हणे गावोगावी अशी दुकानं होती, सगळी एकसारखी. काचेचं कपाट, पांढऱ्या फरश्या, मेणकागदात गुंडाळलेला कापलेला ब्रेड, क्रीमच्या फुलांचे केक, आणि वर मोठ्या अक्षरांत बेकरी अशी पाटी. दाराला कागद चिकटवला होता, विक्रीसाठी मुली पाहिजेत. मॅनेजर साहेब कोकणातले, नवीनच लग्न झालेले, चेहऱ्यावरूनच बुजलेले. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. बेरीज तोंडी येते का? आणि गिऱ्हाईक ओरडलं तर रडणार का? मी म्हटलं, "रडणार नाही, मीच ओरडेन." ते हसले. आडनाव त्यांनी विचारलं, पण ते अर्जावर लिहायला, आणि लिहून झाल्यावर पान उलटलं. मला एप्रन मिळाला, टोपी मिळाली, महिन्याच्या महिन्याला पगार आणि आठवड्याची सुट्टी.

दुकान पाहायला सगळं गाव लोटलं. आठवडाभरात ते पेढेवालेही आले, नातवाला घेऊन. मी चिमट्यानं केक उचलला, कागदावर ठेवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी मला ओळखलं की नाही, ठाऊक नाही. एप्रन आणि टोपीत कोणाचं आडनाव दिसत नाही. त्यांनी तिथेच उभ्यानं तो केक खाल्ला, बोटं चाटली आणि नातवासाठी आणखी एक मागितला. त्या संध्याकाळी पांझरा नदीच्या पुलावरून घरी जाताना मी मोठ्यानं गाणं म्हणत गेले. एवढा आनंद मला पुढे पगारवाढीनंही झाला नाही, खोटं कशाला सांगू?

म्हणून कोणी मला सरळ विचारलं की मोठ्या कंपन्यांची दुकानं वाईट आहेत का, तर मी तोंडावर "हो" म्हणू शकत नाही. गावातल्या माणसांनी ताट आत ओढलं होतं आणि परगावच्या कंपनीनं चिमटा हातात दिला होता. तो हिशेब मला सोडून देता येत नाही.

पहिल्या दिवाळीला मात्र आमच्या दुकानात जी मजा झाली ती धुळ्यातच होऊ शकते. सकाळी शटर वर केलं तर पायऱ्यांवर सात-आठ बायका परात-डबे घेऊन बसलेल्या. चाचांकडे रांग फार लांब होती, आणि ही नवीन बेकरी, जागा मोठी, माणसं जास्त, तर काम लवकर होईल असा त्यांचा साधा हिशेब. साहेब माझ्या कानाशी आले. "ह्या काय विकायला आल्या आहेत?"

"काही नाही विकायला. पीठ आहे."

"आपण पीठ घेत नाही, सांगा त्यांना."

मी हसू दाबून त्यांना नानकटाईची रीत सांगितली. त्यांना ती पटेना. लोक स्वतःचं पीठ आणतात आणि बेकरीवाला ते भाजून परत देतो, यात धंदा कुठे आहे, हे त्यांना कळेना. तोवर एक म्हातारी काउंटरशी आली होती. "पाटीवर बेकरी लिखेल शे ना? मंग भट्टी कोठे शे?"

साहेब नम्रपणे म्हणाले, "आजी, भट्टी नाशिकला आहे."

म्हातारीनं डबा काउंटरवर ठेवला. "मंग नाशिकले लई जाशात का मना डबा? संध्याकायलोंग आनी द्या."

मी मागे वळून कपाटात तोंड लपवलं. साहेबांनी खरंच मुंबईला फोन लावला, तिकडून काय उत्तर आलं असेल ते सांगायला नको. शेवटी मी जेवणाच्या सुट्टीत ती सगळी वरात पुलावरून चाचांकडे नेली. चाचा भट्टीच्या तोंडाशी बसले होते. सगळी कथा ऐकून पोट धरून हसले, खोकला लागेपर्यंत. "तुन्हा साहेबले सांग," म्हणाले, "दिवायीमा बठ्ठा डबा इकडे धाडी दे, मी कमिशन दिसू!" त्या वर्षी चाचांना त्या दुकानाची भीती वाटत नव्हती. मलाही नाही. गाव मोठं होत होतं, देवपुरात नवीन कॉलन्या पडत होत्या, दोघांचं पोट भरेल असं वाटायचं.

पण नानकटाई म्हणजे चाचांचा धंदा नव्हताच. धंदा होता पाव आणि टोस्ट. आणि पाव-टोस्ट खायचे चहाच्या टपऱ्यांवर. कंपनीचा टेम्पो पहाटे नाशिकहून येऊन आमच्याकडे माल उतरवायचा आणि तसाच पुढे जळगावला जायचा. मग कंपनीनं टपऱ्यांनाही माल द्यायला सुरुवात केली, आणि उरलेला माल दुसऱ्या दिवशी परत घ्यायचा, असा नियम केला. हा एकच नियम पुरला. वर्कशॉपसमोरच्या टपरीवाल्यानं चाचांचा माल बंद केला तेव्हा बाबा त्याच्यावर रागावले. तो कपबशा विसळत म्हणाला, "मी काय करू भाऊ? चाचाना पाव उरना ते मना, कंपनीना उरना ते कंपनीना." त्याचं चुकत कुठे होतं? त्यालाही लेकरं होती. परत आलेला ब्रेड कंपनी फेकून द्यायची, गावोगावच्या दुकानांत तो तोटा जिरून जायचा. चाचांचा तोटा जिरायला त्यांच्या घराशिवाय जागा नव्हती.

मग भट्टी एक दिवसाआड पेटू लागली. एक पुतण्या सुरतेला गेला, एक मालेगावला यंत्रमागावर. आम्हाला कामाच्या माणसांना ब्रेड सवलतीत मिळायचा, तो मी घरी आणायचे. आई तो उघडायचीही नाही. शेजारणीच्या शेळीला घालायची आणि स्वतः चाचांकडून कालचा पाव आणून चहात बुडवायची. एका रविवारी माझा संयम सुटला.

"शेळीला घालायला आणते का मी?"

"शेयीले आवडस ना."

"त्याच दुकानाच्या पगारावर घरात रेडिओ आला, आई. तो लावताना शेळी नाही आठवत?"

"मी तुले नोकरी सोड सांगं का?" आईचाही आवाज चढला. "नोकरी कर. पन त्या मानूसनं आपला पत्रा सोताना हातमा लिधा व्हता. मी त्याना पाव सोडाव नही."

"लिधा व्हता! आणि मला नोकरीला ठेवलं असतं का त्यांनी? विचार जाऊन. त्यांच्या भट्टीवर एक तरी बाई पाहिली तू कामाला?"

आईनं कपबशी उचलून मोरीत नेऊन ठेवली. मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. आम्ही दोघी खऱ्या होतो, त्यामुळे भांडण मिटायला काही वाट नव्हती. मी तशीच उठून धुणं धुवायला गेले.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. डब्यातली आमची नानकटाई मी त्यांना एकदा दिली होती. त्यांनी एक खाल्ली, दुसरी उचलली, तिसरी बायकोसाठी रुमालात बांधली. पुढच्या दिवाळीआधी त्यांना कल्पना सुचली. चाचांकडून नानकटाई करून घ्यायची आणि काचेच्या बरणीत घालून आपल्या काउंटरवर ठेवायची. मी इतकी हुरळले की चाचांना सांगायला धावणार होते. साहेबांनी थांबवलं, आधी वरून परवानगी घेऊ म्हणाले. दोन दिवसांनी फोन आला. सगळ्या शाखांत एकच माल असतो, एका शाखेत वेगळं काही ठेवता येत नाही. साहेब मला हे सांगताना काच पुसत होते, आधीच स्वच्छ असलेली.

मी भांडायला तयार होते. पण भांडणार कोणाशी? साहेबांशी भांडून उपयोग नव्हता, त्यांचं मन माझ्याच बाजूनं होतं. फोनवरच्या माणसानं धुळं पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे धंदा म्हणजे निम्मा भांडणाचाच असतो. पाव कच्चा राहिला म्हणून आई चाचांवर ओरडायची आणि दुसऱ्या दिवशी पाव खरपूस यायचा. कंपनीच्या दुकानात ओरडणारं गिऱ्हाईक माझ्यावर ओरडायचं, मी साहेबांना सांगायचे, साहेब फोनवर सांगायचे, आणि पुढे ते ओरडणं कुठे जायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. पुढे काही वर्षांनी कंपनीनं आमचं धुळ्याचं दुकान बंद केलं, तेही असंच, एका फोनवर. मला जळगावला जागा मिळाली म्हणून माझं निभावलं. पण ते फार पुढचं.

ज्या दिवाळीची गोष्ट मला सांगायची आहे, ती बरणीला नकार आला त्याच्या पुढच्या वर्षीची. तेव्हा पावसाळ्यापासूनच भट्टी जवळजवळ बंद होती. बायकांनी ते पाहिलं नव्हतं असं नाही. रोज त्याच गल्लीतून जायच्या. पण भट्टी बंद आहे आणि दिवाळीला नानकटाई होणार आहे, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी-शेजारी सुखानं नांदत होत्या. माझी त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून आईबरोबर मीही गेले. ओट्यावर वीसेक बायका परातींसह उभ्या आणि आत भट्टीचं तोंड काळं, थंड. चाचा लुंगीवर बाहेर आले.

"भट्टी नही पेटाव," ते म्हणाले. "पाव बंद, ते भट्टी बंद."

बायका भडकल्या. इतकी वर्षं येतो आम्ही, आधी सांगायला काय झालं होतं, आता सणासुदीला तूप-साखर घेऊन कुठे जायचं? त्यातली निम्मी तोंडं मी रोज काउंटरवर पाहत होते. मला त्यांचा संताप आला, पण त्यांना ब्रेड देणारा हात माझाच होता.

चाचा शांतपणे म्हणाले, "वरीसमा एकदाव येस तो पाव्हना ऱ्हास, गिऱ्हाईक नही. पाव्हनाले चहा पाजसू. भट्टी कोठून पेटाडू?"

त्यावर काही जणी खाली बघू लागल्या. आईनं आपली परात माझ्या हातात दिली आणि निघून गेली. मला वाटलं, रागानं गेली. थोड्या वेळानं ती आली ती डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन. कपाशीच्या वाळक्या काड्या आमच्याकडे सगळ्यांच्या घरी सरपणाला असतात, गेल्या साली भरलेल्या. तिनं भारा चाचांच्या पायाशी टाकला. "भाऊ, लाकडं आमन्या. आते पेटाडा."

चाचा म्हणाले, "अक्का, ती थंडी पडेल शे. पह्यले ती सोता खाई, मंग तुमले देई."

"खाऊ द्या तिले. आम्ही आनसूत."

मग जी धावपळ झाली! कोणी पऱ्हाटी आणली, कोणी बाभळीचे ओंडके, कोणी मोडक्या खाटेचे पाय, एकीनं तर जुनी दाराची चौकट पोराच्या मदतीनं ओढत आणली. पुढच्या आळीतल्या त्या जरीकाठाच्या बाई आता थकल्या होत्या, त्यांनी सुनेबरोबर गोवऱ्या पाठवल्या. भट्टीनं खरंच दिवसभर खाल्लं. ज्या भट्टीतून रोज पाव निघत नाही तिची आचही रुसलेली असते. पहिल्या पत्र्यातल्या नानकटाया खालून काळ्या आणि वरून कच्च्या निघाल्या, आणि त्या कोणाच्या यावरून भांडण न होता सगळ्यांनी तिथेच वाटून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत आले तेव्हा मात्र आच वळणावर आली होती. चाचांनी आत हात घालून पाहिला आणि चाचींना हाक मारून चहा टाकायला सांगितला. रांगेत शेवटी एक अनोळखी बाई नवाकोरा स्टीलचा डबा घेऊन लाजत उभ्या होत्या. विचारलं तर साहेबांच्या पत्नी. त्यांनी कोणाचीच नसेल अशी खूण काढली, तांदळाचा एकेक दाणा. चाचांनी त्यांची भाजणावळ घेतली नाही. "पह्यलींदाव येल शेतस," म्हणाले.

मला वाटलं, वाचली भट्टी. खरंच वाटलं. घरी येऊन मी आईच्या गळ्यात पडले. आईच्या केसांना धुराचा वास येत होता.

भाऊबीज झाली, शाळा सुरू झाल्या. सकाळी काउंटरवर नेहमीची गर्दी. लाकडं आणणाऱ्या बायका, चौकट ओढणारी बाई, सगळ्या पोरांच्या डब्यासाठी ब्रेड घ्यायला आलेल्या. मला पाहून प्रेमानं हसल्या, भट्टीच्या गप्पा मारल्या, पुढच्या वर्षीही असंच करू म्हणाल्या. त्यांच्या मनात काही खोटं नव्हतं. ब्रेड स्वस्त होता, कापलेला होता, चार दिवस टिकायचा. वर्षातून एकदा डोक्यावरून भारा आणणं त्यांना जमत होतं. रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन लादी पाव घेणं जमत नव्हतं. कोणाला दोष देऊ? मी त्यांच्या पिशव्या भरत राहिले.

भट्टी त्यानंतर पेटली नाही. एका घरच्या पावासाठी कोण पेटवणार? आई काही दिवस चहाबरोबर भाकरीचा तुकडा खात राहिली. एके दिवशी मी निघताना ती पाठमोरी भांडी घासत म्हणाली, "येतांना ब्रेड लई येजो." मी "बरं" म्हटलं. शेळीचं नाव दोघींनीही काढलं नाही.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी चाचा दुकानात आले. कधी आले नव्हते. स्वच्छ कुडता, डोक्यावर टोपी, दाराशी चपला काढून आत आले आणि रांगेत उभे राहिले. मी म्हटलं, "चाचा, इकडे या ना," तर हातानंच नको म्हणाले. त्यांचा नंबर आल्यावर त्यांनी लहान ब्रेड मागितला. चाचींना ताप होता, डॉक्टरांनी दूध-ब्रेड द्यायला सांगितलं होतं.

मी दिला. त्यांनी तो अंगठ्यानं दाबून पाहिला, नाकाशी नेला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, आणि जे बोलतील ते मी ऐकून घ्यायचं ठरवलं. ते म्हणाले, "चांगला शे. चारीकडथून सारखा शे."

"चाचा, मला सवलत आहे. माझ्या नावावर घ्या."

"नको. तुनं तुले राहू दे." त्यांनी पैसे काउंटरवर ठेवले. मग माझा एप्रन, टोपी, काचेचं कपाट असं सगळं एकदा नीट पाहिलं. "पगार येयवर देतस का?"

"हो."

"सुट्टी?"

"आठवड्याला."

चाचांनी मान हलवली. "मी तुले कधी कामले ठेवं नही, बेटा. इतला वरीस तू डबा लई येनी, करंगयीनी खून करनी, मना डोकामाच नही उनं का हाई पोर काम बी करू शकस." मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती. ते आवाज उतरवून म्हणाले, "सोडू नको आठेनं. मना साठे ते मुयीच नको."

मला वाटलं होतं, ते रागावतील. रागावले असते तर मला उलट बोलता आलं असतं, तयारी होती माझी. पण असं बोलल्यावर मी ब्रेडला आणखी एक कागद गुंडाळला, त्यावर दोरा बांधला, गरज नसताना गाठ मारली.

त्यांनी दाराशी चपला घातल्या आणि ब्रेड छातीशी धरून पुलाच्या दिशेनं गेले. साहेब आतून बाहेर आले होते. त्यांनी चाचांना कधी पाहिलं नव्हतं.

"कोण होते ते?"

"बेकरीवाले," मी म्हटलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारलं.